गाणारा ड्रमर आणि गालावरचा माइक

मागच्या भागात आपण ड्रमसेटला माइक कुठे कुठे लावायचे ते पाहिलं. त्यानंतर बेंगळुरू, इंदूर, बडोदा, कुठून कुठून एकच प्रश्न आला: आमचा ड्रमर गातोसुद्धा, त्याला हेडसेट माइक कोणता घेऊ?

प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. चार जणांच्या बँडमध्ये ड्रमर गात असेल तर एका माणसाचं मानधन वाचतं. पण माइक चुकला की साउंडवाला दोन गाण्यांनंतर त्याचा फेडर खाली ओढतो, आणि पुढच्या कार्यक्रमाला बँड म्हणतो, 'तू नुसतं वाजव.' त्याचा गळा चांगला असतो, दोष गालावरच्या त्या काडीचा असतो.

बहुतेक लोक आधी जो हेडसेट घेतात तो नाटकात, व्याख्यानात, झुंबाच्या वर्गात दिसतो तसला. बारीक, त्वचेच्या रंगाचा, टोकाला तांदळाएवढा माइक. यातले बहुतेक माइक 'ऑम्नी' असतात, म्हणजे चारही बाजूंनी सारखंच ऐकणारे. त्या कामासाठी ते उत्तमच आहेत. माइक थोडा सरकला तरी आवाज बदलत नाही, 'प' आणि 'फ'ला फुसफुस कमी होते, जवळ आणल्यावर खर्ज फुगत नाही. नटाच्या शेजारी कुणी क्रॅश वाजवत नसतं, एवढाच काय तो फरक.

ड्रमरच्या तोंडापासून हाय-हॅट साधारण हातभर अंतरावर असते. स्नेअर तशीच. ऑम्नी माइकला या सगळ्यांचं निमंत्रण असतं. मग आवाज वाढवायला गायकाचा फेडर वर केला की सिंबलही वर येतात. गाण्यावर इको टाकला की स्नेअरलाही इको लागतो. कंप्रेसर लावला तर तो दोन ओळींमधल्या शांततेत सिंबलना उचलून पुढे आणतो. शिवाय तोच सिंबल वरच्या ओव्हरहेड माइकमध्ये एका वेळी पोचतो आणि तोंडाजवळच्या माइकमध्ये वेगळ्या वेळी. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे दोन्ही एकत्र मिसळले की सिंबल पत्र्यासारखे पोकळ वाजायला लागतात. गायकाचा एक माइक उघडला आणि अख्ख्या ड्रमसेटचा पोत बिघडला, हे त्यामुळे होतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: गाणाऱ्या ड्रमरसाठी माइक निवडताना 'आवाज किती गोड येतो' हे नंतर बघा. आधी बघायचं ते आवाज आणि सिंबल यांच्यातलं अंतर. ते अंतर दोनच गोष्टी ठरवतात. माइक तोंडाच्या किती जवळ आहे, आणि तो कुठल्या दिशेला बहिरा आहे.

जवळिकीचा हिशेब सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बूम स्टँडवरच्या माइकपासून ड्रमर वाजवता वाजवता १० सेंटिमीटर लांब जातो. हेडसेट २ सेंटिमीटरवर बसतो. म्हणजे सुमारे १४ डेसिबलचा फायदा, आणि सिंबल मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढेच. शिवाय मान फिरवली तरी हे अंतर बदलत नाही. द बँडचा लेव्हन हेल्म मान एका बाजूला वळवून बूमवरच्या माइकमध्ये गायचा. दिसायला झकास, पण रोज तीन तास तसं बसून बघा.

आता बहिरेपणा. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. हेडसेटमध्ये माइकचं तोंड गायकाच्या ओठांकडे असतं, म्हणजे पाठ आपोआप बाहेर, ड्रमसेटकडे येते. ही गंमत लक्षात घेतली की माइक कोणत्या गालावर घालायचा तेही सुटतं. उजव्या हाताच्या ड्रमरची हाय-हॅट डावीकडे असते. डाव्या गालावरच्या माइकची पाठ तिच्याकडे जाते. उजव्या गालावर घातला तर तोच माइक हाय-हॅटला अर्धवट सामोरा होतो. गालावरून उलटून येणारा आवाजही असतोच, त्यामुळे दोन्ही बाजू घालून बघा, पण सुरुवात डावीकडून करा. सुपरकार्डिऑइड आणि हायपरकार्डिऑइड बाजूचं जास्त कापतात, मात्र थेट मागचं थोडं ऐकतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'डायनॅमिक माइक कमी संवेदनशील, म्हणून ड्रम कमी घेतो' असं सर्रास सांगितलं जातं. संवेदनशीलता कमी असेल तर गाणंही तेवढंच कमी येतं. मग गेन वाढवावा लागतो आणि सिंबल पुन्हा हजर.

नावं घ्यायची तर शुअरचा डब्ल्यूएच२० हा डायनॅमिक कार्डिऑइड, दणकट आणि थोडा जड. ऑडिओ-टेक्निकाचा प्रो ८एचईएक्स डायनॅमिक हायपरकार्डिऑइड. शुअर एसएम३५ आणि एकेजी सी५२० हे कंडेन्सर, दोन्ही कार्डिऑइड, गाण्याची धार जास्त चांगली पकडतात. डीपीए घेण्याइतके पैसे असतील तर ४०८८ घ्या, तो दिशा पाळणारा आहे. तसाच दिसणारा ४०६६ ऑम्नी आहे, दुकानात गल्लत करू नका.

आणि वायरलेस कशाला? ड्रमर कुठे जाणार आहे? डब्ल्यूएच२० आणि सी५२० साध्या एक्सएलआर केबलवर चालणाऱ्या रूपातही मिळतात. सी५२०ला मिक्सरवरची फँटम पॉवर लागते, एवढंच. वायरलेसचे वाचलेले पैसे कानातल्या मॉनिटरवर घाला. शेजारचा मॉनिटर स्पीकर बंद झाला की शिट्टीची भीतीही जाते.

फ्रेम दोन्ही कानांवर बसणारीच घ्या, एका कानाची पहिल्याच फिलमध्ये निसटते. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, समोर नाही. फोम घामाने भिजतो, जोडीला दुसरा ठेवा.

हेडसेटची खरी अडचण वेगळीच. तो तोंडापासून हटत नाही. धाप, खोकला, 'वन टू थ्री फोर', बेसवाल्याला दिलेली शिवी, सगळं बाहेर जातं. गेटवर विसंबू नका, स्नेअरचा एक फटका त्याला उघडतो. हाय-हॅटच्या पेडलजवळ पायाने दाबायचा म्यूट स्विच ठेवा किंवा साउंडवाल्याला गाण्यांची यादी द्या. ड्रमर फक्त दोन ओळींना साथ देणार असेल तर हेडसेट घेऊच नका, बूमवरचा साधा हातातला माइक पुरतो आणि जास्त चांगला वाजतो.

विकत घेण्याआधी आपल्याच सेटवर बसून एक चाचणी करा. दुकानात 'हॅलो, चेक' म्हणून काही कळत नाही. गेन न हलवता एक मिनिट गात वाजवा, मग तोंड बंद ठेवून तेवढ्याच जोरात एक मिनिट. रेकॉर्डिंगमध्ये गाण्याची पातळी नुसत्या ड्रमपेक्षा १० डेसिबलने वर असेल तर साउंडवाल्याला काम करायला जागा आहे. मग तेच हळू आवाजातल्या कडव्यावर करून बघा, बहुतेक माइक तिथे नापास होतात.