अनाहूत व्यापारी ईमेल आणि प्राप्तकर्त्याचे मौन

मौन हे संमतीचे लक्षण होय, असे आपल्याकडे वादसभेत आणि लग्नाच्या बोलणीत सारख्याच सहजतेने म्हटले जाते. कराराच्या कायद्याला मात्र हे सामान्यतः मान्य नाही. प्रस्तावाला उत्तर न देणे म्हणजे तो स्वीकारणे नव्हे, हे विधिशाखेचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. अनाहूत व्यापारी ईमेलासंबंधी एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून निरनिराळ्या देशांनी जे कायदे केले, ते शेजारी शेजारी ठेवून वाचले असता असे दिसून येते की, त्यांच्यातील मूलगामी भेद दंडाच्या रकमेत किंवा व्याख्यांच्या लांबीत नाही. ज्याने ‘पाठवा’ असेही म्हटलेले नाही आणि ‘पाठवू नका’ असेही म्हटलेले नाही, त्याच्या मौनाचा अर्थ काय करावा, या एका प्रश्नाला त्यांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. बाकीच्या बहुतेक तरतुदी त्या उत्तरातून निघतात.

हा प्रश्न ईमेलाच्याच बाबतीत एवढ्या तीव्रतेने का उद्भवावा? टपालाने जाहिरातपत्रक पाठविणारा प्रत्येक पाकिटावर तिकीट लावतो. त्याच्या उत्साहाला त्याचाच खिसा आवर घालतो. ईमेलाच्या बाबतीत हे गणित उलटते. शंभरावा संदेश आणि दशलक्षावा संदेश यांच्या खर्चात प्रेषकाच्या दृष्टीने जवळजवळ अंतर नसते. साठवणुकीचा, गाळणीचा आणि वेळेचा भार मात्र घेणाऱ्यावर व त्याची टपालपेटी सांभाळणाऱ्या संस्थेवर पडतो. या प्रकाराचा पहिला प्रसिद्ध दाखला ३ मे १९७८ चा आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे विक्री-अधिकारी गॅरी थर्क यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण एकाच वेळी धाडले. त्याबद्दल त्यांना खरमरीत बोल ऐकावे लागले. पण त्या काळी उगारावयास कायदा नव्हता आणि तशी फारशी गरजही कोणास भासली नाही.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातील एक प्रकाशक दिवाळी अंकाची अगाऊ नोंदणी सवलतीने करून देण्याचे ठरवितो आणि गणेशोत्सव आटोपताच आपल्या यादीतील सर्व पत्त्यांवर एकच ईमेल पाठवितो. यादीत नाशिकचे वर्गणीदार आहेत, तसेच न्यू जर्सी, लंडन आणि टोरांटो येथील मराठी वाचकही आहेत. काही पत्ते मागील वर्षीच्या खरेदीतून आले, काही एका ग्रंथप्रदर्शनातील अभिप्राय-वहीतून, तर काही एका स्नेहमंडळाच्या यादीतून सहज उतरवून घेतले. पत्र एकच, मजकूर एकच. पण ते चार कायद्यांच्या हद्दीत जाऊन पडते.

न्यू जर्सीच्या वाचकापुरता आपला प्रकाशक निश्चिंत राहू शकतो. अमेरिकेचा ‘कॅन-स्पॅम’ अधिनियम डिसेंबर २००३ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २००४ पासून अमलात आला. त्यात पूर्वसंमतीची अटच नाही. प्रेषकाचे नाव व उगम खोटा दाखवू नये, विषयाची ओळ फसवी नसावी, संदेश जाहिरात आहे हे स्पष्ट कळावे, खराखुरा टपालपत्ता द्यावा आणि ‘यापुढे नको’ असे कळविण्याची सोय ठेवावी, एवढ्या त्याच्या अपेक्षा. ही सोय संदेश पाठविल्यानंतर निदान तीस दिवस चालू राहिली पाहिजे आणि नकार आल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांत तो पाळला गेला पाहिजे. मौन म्हणजे येथे परवानगीच. तोंड उघडण्याचे ओझे घेणाऱ्यावर. शिवाय त्याला स्वतः न्यायालयात जाण्याचा मार्ग ठेवलेला नाही. दावा फेडरल ट्रेड कमिशन, राज्यांचे महाधिवक्ते किंवा ज्यांच्या यंत्रणेला उपद्रव झाला असे सेवादाते यांनीच करावयाचा.

या अधिनियमाचा एक परिणाम मला त्याच्या तरतुदींपेक्षाही अधिक बोलका वाटतो. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २००३ मध्ये पूर्वसंमतीवाचून व्यापारी ईमेल पाठविण्यास बंदी करणारा कायदा केला होता आणि तोही १ जानेवारी २००४ पासूनच लागू व्हावयाचा होता. केंद्रीय अधिनियमाने खोटेपणा व फसवणूक यांविषयीचे नियम तेवढे राज्यांकडे ठेवले आणि बाकीचे निष्प्रभ केले; त्यामुळे कॅलिफोर्नियाचे पूर्वसंमतीचे तत्त्व अमलात येण्यापूर्वीच संपले. उपद्रव थांबविण्यासाठी म्हणून केलेल्या कायद्याने अधिक कडक कायद्याची वाट अडविली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दूरध्वनीप्रमाणे ईमेलासाठीही ‘संपर्क नको’ अशी राष्ट्रीय नोंदवही करावी काय, हेही काँग्रेसने विचारले होते. फेडरल ट्रेड कमिशनने २००४ मध्ये नकारार्थी अहवाल दिला. प्रेषकाची ओळख पटविण्याची खात्रीलायक यंत्रणा नसताना अशी वही म्हणजे उपद्रवी लोकांच्या हाती जिवंत पत्त्यांची आयती यादी ठरेल, हे त्यामागील कारण अगदी व्यवहारी होते.

लंडनच्या वाचकाकडे वळताच चित्र पालटते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निदेशाच्या तेराव्या अनुच्छेदाने नियम उलटा केला: व्यक्तीला व्यापारी ईमेल पाठविण्यापूर्वी तिची संमती हवी. ब्रिटनने तो २००३ च्या विनियमांनी स्वीकारला व युरोपीय संघ सोडल्यानंतरही कायम ठेवला. अपवाद एकच, परंतु व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोलाचा. पत्ता विक्रीच्या व्यवहारात ग्राहकाकडूनच मिळाला असेल, जाहिरात स्वतःच्याच तत्सम वस्तूंची असेल आणि पत्ता घेताना व नंतर प्रत्येक संदेशात नकाराची सोपी संधी दिली असेल, तर वेगळी संमती लागत नाही. म्हणजे मागील वर्षी अंक विकत घेताना ज्याला ही संधी दिली होती, त्याला आपला प्रकाशक लिहू शकेल. स्नेहमंडळाच्या यादीतून उचललेल्या नावाला नाही. २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय विदासंरक्षण विनियमाने संमतीची कसोटी आणखी कठोर केली. आधीच खूण करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे, कारण खूण न पुसणे हेही एक मौनच आहे.

मग ज्यांची संमती आहे की नाही याचीच खात्री नाही, त्यांना तसे विचारणारे पत्र तरी पाठवावे की नाही? ब्रिटनमध्ये मार्च २०१७ मध्ये माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने दोन प्रकरणांत याचे उत्तर दिले. होंडा मोटर युरोप या कंपनीने सुमारे २,९०,००० जणांना, आपणांस आमच्याकडून पत्रे हवीत काय, असे विचारणारे ईमेल पाठविले होते. कायद्याचे पालन करावे हाच आपला हेतू होता असे तिचे म्हणणे. फ्लायबी या विमानकंपनीने तर जाहिराती नकोत असे आधीच सांगून ठेवलेल्या लोकांना आपली माहिती अद्ययावत करण्याविषयी ३३ लाखांहून अधिक ईमेल धाडले. पहिलीला १३,००० पौंड आणि दुसरीला ७०,००० पौंड दंड झाला. जाहिरातीसाठी संमती मागणारे पत्र हेही जाहिरातीच्याच कार्याचा भाग होय, हे यामागील तत्त्व. होंडाचे प्रकरण वरवर पाहता कठोर वाटेल. परंतु दारात उभे राहून ‘दार ठोठावू का’ असे विचारण्यासाठीही दार ठोठवावेच लागते, ही अडचण त्या कार्यालयाने निर्माण केलेली नव्हती.

कॅनडाने हेच तत्त्व अधिनियमात लिहूनच टाकले आहे. २०१० मध्ये संमत व १ जुलै २०१४ पासून लागू झालेल्या तेथील कायद्यानुसार संमती मागणारा ईमेल हा स्वतःच व्यापारी संदेश ठरतो. संमती स्पष्ट असावी किंवा संबंधांवरून गृहीत धरता यावी. पण गृहीत संमतीला मुदत आहे: खरेदीपासून दोन वर्षे, नुसत्या चौकशीपासून सहा महिने. संमती होती हे सिद्ध करण्याचा भार प्रेषकावर असून कंपनीला एक कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. संदेश कॅनडातील संगणकावर उघडला गेला तरी कायदा लागू होतो. अतएव टोरांटोच्या वाचकाने तीन वर्षांपूर्वी अंक घेतला असेल, तर पुण्याच्या प्रकाशकाला जुन्या पावतीचा आधार उरत नाही. कॉम्प्युफाइंडर या क्वेबेकमधील प्रशिक्षणसंस्थेवर २०१५ मध्ये ११ लाख डॉलरचा दंड बसविण्यात आला, २०१७ मध्ये तो दोन लाखांवर आला आणि २०२० मध्ये तेथील फेडरल अपील न्यायालयाने अधिनियमाची घटनात्मक वैधता उचलून धरली.

आता नाशिक. भारतात अनाहूत ईमेलासाठी स्वतंत्र अधिनियम नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम घालण्यात आले. त्रास किंवा गैरसोय व्हावी, अथवा उगमाविषयी दिशाभूल व्हावी, या हेतूने पाठविलेला ईमेल त्याच्या तिसऱ्या खंडाने गुन्हा ठरविला व त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली. या खंडात व्यापाराचा उल्लेख नाही, संख्येचा नाही, संमतीचा तर नाहीच. व्यापाऱ्याच्या लाखो पत्रांना आणि एखाद्या चिडलेल्या नागरिकाच्या एका पत्राला तो एकाच दोरीने बांधीत होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाल्यानंतर या कलमास आव्हान देण्यात आले आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते अवघे कलम संदिग्ध व अतिव्यापक म्हणून रद्द केले. त्याबरोबर ईमेलाविषयीचा खंडही गेला. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातही असेच घडले होते: २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, निनावी राजकीय व धार्मिक पत्रेही कचाट्यात येतात म्हणून, राज्याचा स्पॅमविरोधी कायदा रद्द ठरविला. जो कायदा ‘व्यापारी’ हे विशेषण विसरतो, तो भाषणस्वातंत्र्याच्या कसोटीला उतरत नाही, असा धडा या दोन्ही निर्णयांतून घेता येतो.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम कडक आहेत, परंतु ते दूरध्वनी व लघुसंदेश यांच्यापुरतेच. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाचे अठ्ठाविसावे कलम जाहिरातवजा संदेशांना पूर्वसंमती आवश्यक करणारे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते. ‘संदेश’ या शब्दाची तेथील व्याख्या इतकी विस्तृत आहे की, ईमेल तिच्यात बसतो असा युक्तिवाद सहज करता येईल. हे सुस्पष्ट करण्याचे काम नियमांनीच केलेले बरे.

तोवर आधार व्यक्तिगत विदासंरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमाचा. तो ईमेलाविषयी बोलत नाही. ज्या पत्त्यावर ईमेल जातो त्या पत्त्याविषयी बोलतो. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट व निःसंदिग्ध असावी, ती स्पष्ट कृतीने दिलेली असावी आणि देणे जितके सोपे तितकेच परत घेणेही सोपे असावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले असून मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. सातव्या कलमाखालील उदाहरण मार्मिक आहे: औषधाच्या दुकानात गिऱ्हाईकाने पावती पाठविण्यासाठी आपली माहिती दिली, तर दुकानदाराने ती पावतीपुरती वापरावी. अभिप्राय-वहीतल्या पत्त्यांचे काय, याचे उत्तर यातच आले. नोटीस इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. तेव्हा मराठी प्रकाशकाने ती मराठीत तयार ठेवणे हे आता केवळ भाषाप्रेमाचे काम राहिलेले नाही.

या अधिनियमात एक मोठी फट आहे आणि ती प्राध्यापकवर्गाच्या विशेष परिचयाची असावी. ज्याने आपली माहिती स्वतःच जाहीर केली, त्याच्या त्या माहितीला अधिनियम लागू होत नाही. कॅनडात जाहीर पत्त्यावरही, संदेश त्या व्यक्तीच्या कामाशी संबंधित असेल आणि तिने मनाई केलेली नसेल, तरच लिहिता येते. आपल्याकडे संशोधकाने स्वतः प्रसिद्ध केलेला पत्ता जवळजवळ उघडा आहे. संशयास्पद नियतकालिकांची ‘लेख पाठवा’ ही आमंत्रणे याच दाराने येतात. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसमूहाविरुद्ध २०१९ मध्ये नेवाडातील फेडरल न्यायालयाने पाच कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा आदेश दिला. पण त्याचा पाया व्यापारातील फसवणुकीचा होता, अनाहूत ईमेलाचा नव्हे.

व्यवहारात मात्र प्रेषकाला या सर्व कायद्यांआधी गाठतो तो टपालपेटीचा रखवालदार. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० वा अधिक संदेश पाठविणाऱ्यांसाठी, उगमाची तांत्रिक प्रमाणके, एका टिचकीत नकार आणि ०.३ टक्क्यांखाली तक्रारी अशा अटी घातल्या. नकार दोन दिवसांत पाळावा लागतो. याहूनेही त्याच सुमारास तत्सम अटी लागू केल्या. अमेरिकन अधिनियमाने दहा दिवस दिले, तर खाजगी नियमाने दोन. आणि त्याच अधिनियमात असेही नमूद आहे की, सेवादात्याने एखादा संदेश पोहोचविण्याचे नाकारण्याचे आपले धोरण ठरविले, तर त्या धोरणाच्या वैधतेस या कायद्याने बाध येणार नाही. ज्या काँग्रेसने घेणाऱ्याचे मौन प्रेषकाच्या बाजूने वाचले, तिनेच दार न उघडण्याची मुभा रखवालदाराकडे ठेवली.