विळी, खवणी आणि थरथरते पाते

तुमच्या घरातली विळी एकदा नीट बघा. पाटावर उभे असलेले बाकदार पाते गुळगुळीत धारेचे असते आणि त्याच्याच शेंड्याला दातेरी खवणी असते. भाजी धारेवर चिरायची आणि नारळ दातांवर खवायचा, हे आपल्या आयाबायांना कोणी व्याख्यान देऊन शिकवलेले नाही. टोमॅटो खवणीवर धरला तर काय होईल, हे शाळकरी पोरही सांगेल. पण पात्याला वीज जोडली की हेच साधे शहाणपण भल्याभल्यांना सुचत नाही. त्यांत मीही होतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, यंत्रे शिकवीत नाही. तरी या विषयावर चार शब्द सांगायला बसलो, त्याला कारण जेऊरला घडलेला एक प्रसंग.

जेऊर हे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे गाव. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले, भीमेचे पाणी मागे पसरले, आणि या भागात उसापाठोपाठ केळी आली. आता जेऊर-कंदर पट्ट्यातली केळी परदेशी जाते. तिच्याबरोबर शीतखोल्या, पुठ्ठ्याची खोकी, फोमचे पातळ कागद अशी कितीतरी मऊ सामग्री शेतकऱ्याच्या दारी आली आहे. माझी थोरली बहीण तिथे दिलेली. दाजींनी आपल्या लहानशा शीतखोलीची डागडुजी घरच्या घरी काढली होती. भिंतीला चिकटवलेला बोटभर जाडीचा काळा रबरी फोम एका कोपऱ्यात खराब झाला होता. तेवढा चौकोन कापून काढायचा होता. त्यासाठी भाच्याने नवे यंत्र आणले होते.

बाजारात याला ऑसिलेटिंग मल्टीटूल म्हणतात. मुठीत मावेल अशी दांडी आणि पुढच्या टोकाला आडवे बसवलेले छोटे पाते. पाते गरगर फिरत नाही, जागच्या जागी डावीउजवीकडे थरथरते. पेटीतले लाकडाचे दातेरी पाते मीच पुढे केले. म्हटले, करवत ती करवत! फोम काही कापला जाईना. आधी तो पात्याबरोबर थरथरू लागला, मग त्याचा चुरा उडाला आणि कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली. दाजी काही बोलले नाहीत. मेहुण्याला काय बोलणार?

मग भाच्याने पाते बदलले. सुरीसारखे, बिनदातांचे लावले आणि म्हणाला, "मामा, ह्याला भ्यायचं न्हाई. माझा हात मोडला तवा दवाखान्यात पलस्तर असल्यानंच काढलं की. कातडीला लागतच न्हाई. हे बघा." आणि चालू यंत्र त्याने आपल्या तळहाताकडे नेले. मी झटकन त्याचे मनगट धरले. पोरगा अर्धे खरे बोलत होता. ते अर्धे कोणते, हे कळले की पाते निवडता येते.

प्लास्टर कापायची करवत याच कुळातली, किंबहुना या कुळाची मूळ पुरुष तीच. अमेरिकेत मिशिगन राज्यातले अस्थिशल्यविशारद होमर स्ट्रायकर यांनी १९४० च्या दशकात थरथरत्या पात्याची अशी करवत तयार केली. जर्मनीतल्या फाइन कंपनीने १९६७ मध्ये स्वतःची प्लास्टर-करवत काढली आणि पुढे त्याच धर्तीवर कारागिरांसाठी हे यंत्र बनवले. तिच्या पेटंटाची मुदत सरल्यावर इतर कंपन्यांनीही ते काढले, आणि आज ते आपल्या बाजारापर्यंत पोहोचले आहे.

आता हिशेब पाहा. पाते एका वेळी जेमतेम तीन अंश हलते. आसापासून पात्याची कड ६ सेंटिमीटरवर असेल, तर तीन अंशांत ती सुमारे ३ मिलिमीटर सरकते, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी. अशी ये-जा मात्र मिनिटाला दहा ते वीस हजार वेळा होते. प्लास्टर कडक असते. त्याला दाणाभरही हलता येत नाही, म्हणून दात त्याला खातात. कातडी मऊ असते. ती पात्याबरोबर दाणाभर इकडे, दाणाभर तिकडे जाते आणि सुटते. म्हणजे कडक वस्तू कापावी आणि मऊ सोडून द्यावी, याच हेतूने ही थरथर योजलेली! माझ्या हातून फोम कापला गेला नाही, त्याचे कारण हेच.

शिक्षक मंडळींनी वर्गात हे सहज दाखवावे. अंथरुणातल्या फोमचा तुकडा टेबलावर ठेवा आणि भाजीची सुरी त्यावर दाणाभर पुढेमागे हलवा. फोम सुरीबरोबर डुलेल. मग तोच तुकडा दोन फळ्यांमध्ये आवळून धरा आणि फळीच्या कडेलगत सुरी ओढा. फोम निमूटपणे चिरला जाईल. मात्र सुरी तुमच्याच हातात असू द्या, मुलांच्या नको.

तर मऊ वस्तूसाठी पहिली गोष्ट म्हणजे धार, आणि दुसरी म्हणजे वस्तूला हलू न देणे. लाकडाच्या पात्याचे दात सहसा एक डावीकडे, एक उजवीकडे असे कललेले असतात. कडक लाकडात ते भुसा काढत रुंद वाट करतात. मऊ वस्तूत ते रुततात, ओढतात आणि फाडतात. उसाच्या फडात कोयता चालतो, चांभार कातडे बिनदातांच्या रापीने कापतो, हे आपण रोज पाहतो. दातेरी विळ्याने ज्वारीचे ताट कापते, हेही खरे. पण तिथे दुसऱ्या मुठीने ताट घट्ट धरलेले असते, हे विसरू नका.

भाषेचा माणूस म्हणून माझी एक युक्ती सांगतो. दुकानात जाण्यापूर्वी कामाचे क्रियापद ठरवा. आपण भाजी चिरतो, कापड कातरतो, नारळ खवतो आणि दुधाच्या भांड्याची खरवड खरवडून काढतो. मराठीने प्रत्येक कामाला निराळा शब्द दिला आहे, आणि शब्दागणिक पाते निराळे आहे. फोम, पुठ्ठा, गालिचा, रबर, चामडे ही चिरायची. त्यांना सुरीचे पाते. खिडकीच्या कडेचे सिलिकोन किंवा फरशीला चिकटलेला गोंद खरवडायचा. त्याला खुरप्यासारखे चपटे, बोथटसर पाते. खवायचे ते कडक, म्हणजे फरशीच्या सांध्यातले सिमेंट वगैरे. ते आजच्या विषयात येत नाही.

सुरीच्या पात्यांतही दोन जाती आहेत. सरळ धारेचे पाते पुठ्ठा, चामडे, पातळ रबर यांना पुरते. फोम, गालिचा अशा जाड वस्तूंना लाटेरी धारेचे पाते घ्यावे. बेकरीवाल्याची पावाची सुरी आठवा. लाटेची टोके आधी रुततात आणि दोन टोकांमधली तिरपी धार चिरत जाते. पात्याची हालचाल दाणाभरच असल्याने हा तिरपेपणा फार उपयोगी पडतो. लाटेला दात समजून हे पाते परत करू नका. दुकानदारही कधी कधी तशी गल्लत करतात.

शीतखोलीच्या भिंतीचे तक्ते मात्र फसवे असतात. बाहेरून दोन्ही बाजूंनी पत्रा आणि आत फोम. तिथे एका पात्याने भागत नाही. पत्र्याला बायमेटलचे बारीक दातांचे पाते लावावे आणि आतल्या फोमला सुरीचे. कडक पीव्हीसी पाइपही मऊ नव्हे. त्याला बारीक दातच हवेत. ठिबकच्या नळीला तर हे यंत्र नकोच. दातांनी कापल्यावर प्लॅस्टिकचा कीस नळीत राहतो आणि तोच पुढे छिद्रात अडकतो. मग एखादे झाड कोरडे का, हे शोधत माणूस उन्हात फिरत राहतो. धारदार कात्रीने नळी एका दमात कापावी. गोठ्यातली जाड रबरी चटईही सुटी असेल, तर खाली फळी घालून हातातल्या सुरीने तीन-चार वेळा ओढून कापलेली बरी. यंत्राची खरी गरज, वस्तू कुठेतरी चिकटलेली असेल किंवा हात पोहोचत नसेल, तिथे.

वेग कमी ठेवा. इतक्या वेगाने घासले की पाते तापते, प्लॅस्टिक आणि फोम वितळून पात्याला चिकटतात आणि मग धार असून नसल्यासारखी होते. जळका वास आला की थांबा. तोंडाला फडके नव्हे, चांगला मास्क बांधा. पाते बदलताना बॅटरी काढा, नाहीतर तार प्लगमधून काढा. विकत घेताना पात्याचे बसवणीचे भोक आपल्या यंत्राला जुळते का, ते पाहून घ्या, कारण सर्व कंपन्यांची बसवणी सारखी नसते. सरळ धारेचे पाते बोथट झाले तर धारेच्या दगडावर पाजवता येते, हा त्याचा आणखी एक फायदा.

आता भाच्याचे उरलेले अर्धे. दवाखान्यातले पाते प्लास्टरसाठी असते, खाली कापसाचा थर असतो, आणि ते शिकलेल्या हातात असते. तरीही कातडी हाडावर ताणलेली असेल तर कापते, आणि तापलेल्या पात्याने भाजतेही. भाच्याने लावले होते ते तर सुरीचे पाते, मऊ वस्तू कापण्यासाठीच केलेले. तळहात त्याच्या लेखी फोमहून निराळा नाही. हे त्याला समजावल्यावर तो गप्प झाला. नंतर बहिणीने त्याला जे ऐकवले, ते इथे छापण्यासारखे नाही.

फोमचे काम दाजींनीच पुरे केले. रेघेलगत एक सरळ फळी दाबून धरली, लाटेरी पाते लावले, वेग निम्म्यावर आणला आणि बोटभर जाडी दोन फेऱ्यांत उतरवली. कड सुरेख आली. नवा तुकडा बसला. मी कुरतडलेला फोम त्यांनी फेकला नाही. गोठ्याच्या दाराशी कुत्र्याला बसायला टाकला आहे.