हवामानाचा अहवाल लिहायचा कोणी?

काटेरी कळकाच्या बेटात नवा कोंब फुटतो तो पावसाळ्यात. जाड, मऊ आणि रसाळ. गुरं आणि रानातली जनावरं त्यावर टपलेलीच असतात. पण बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची अशी गच्च जाळी असते की तोंड घालायला फट सापडत नाही. त्या आडोशाने कोंब बघता बघता माणसाच्या डोक्यावर जातो. १९७०च्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जंगलांत ही जाळी मुद्दाम तोडली जात होती. बेटातली दाटी कमी केली की बांबू जोमाने वाढतो, असं तेव्हाचं वनशास्त्र सांगत होतं. बांबू मात्र वर्षागणिक घटतच चालला होता. दांडेलीच्या कागद गिरणीला तो पुरेना आणि बुरुडांना तर मिळेचना.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी एस. एन. प्रसाद यांनी या घटीचा अभ्यास हाती घेतला. गावकऱ्यांनी त्यांना सरळ सांगितलं, की जाळी तोडली म्हणून कोंब उघडे पडले आणि जनावरांनी ते फस्त केले. शास्त्रज्ञांनी मग रानात जाऊन बेटं मोजली, कोंब मोजले, तेव्हा गावकऱ्यांचंच म्हणणं खरं ठरलं. गाडगीळांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. गिरणीला सुरुवातीला टनामागे दीड रुपया दराने बांबू मिळत होता. बुरुडांना बाजारात त्याच बांबूसाठी कितीतरी पट पैसे मोजावे लागत.

दांडेलीला लागून असलेल्या जोयडा तालुक्याची ओळख करून देताना ही हकिकत आधी सांगावी लागते. कारण देशाच्या हवामानबदलाचा अहवाल कोणी लिहायचा आणि लिहिणाऱ्यांची निवड कशी करायची, हा प्रश्न अशाच जंगलात येऊन अडतो.

जोयडा म्हणजे जुना सुपा तालुका. सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात बुडालं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. काळीचा उगम याच तालुक्यात, डिग्गीजवळ. तालुक्यातल्या जंगलाचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. वस्ती विरळ आहे. कुणबी, गवळी असे समाज पाड्या-वाड्यांवर राहतात, आणि बोलण्यात कोकणी, मराठी, कानडी एकमेकींत मिसळलेल्या असतात. गेली काही वर्षं जोयड्यात कुणबी समाजाच्या पुढाकाराने कंदमुळांचा मेळा भरतो. कोनफळ, कणगी, सुरण आणि अळकुड्यांचे नाना प्रकार तिथे मांडलेले असतात. कोणता कंद कोणत्या जमिनीत लावायचा, पाऊस लांबला तर कोणता तग धरतो, रानडुकरांपासून कोणता वाचतो, हे ते लावणाऱ्या बायकांना तोंडपाठ असतं. हवामानबदलाला तोंड देण्याच्या दृष्टीने हे ज्ञान मोलाचं आहे, आणि ते कोणत्याही शोधनिबंधात पुरतं उतरलेलं नाही.

आता देशाच्या अहवालाकडे वळू. जून २०२० मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, ते सिद्ध झालं. आर. कृष्णन यांच्यासह सहा संपादक होते आणि त्यांत मिलिंद मुजुमदार, अश्विनी कुलकर्णी अशी मराठी नावंही आहेत. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, असं हा अहवाल सांगतो. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट ठळकपणे दिसली ती गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात. पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी केलेलं हे काम अव्वल दर्जाचं आहे आणि त्याचा अभिमान बाळगायलाच हवा.

तरीही जोयड्यातून पाहिलं की अहवालातली एक पोकळी नजरेत भरते. त्यातल्या बारा प्रकरणांपैकी एक पूर्ण प्रकरण हिमालयाला दिलं आहे. पश्चिम घाटाला तसं स्वतंत्र प्रकरण नाही. शिवाय प्रश्न मापाचाही आहे. भविष्याचा अंदाज देणारी प्रादेशिक प्रारूपं जमिनीचे सुमारे ५० किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून हिशेब करतात. जोयडा तालुक्यातल्या कॅसलरॉकला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर हल्याळ आहे. तिथे त्याचा चौथा हिस्साही जेमतेम पडतो. घाटमाथ्याचं घनदाट रान आणि पठारावरची भातशेती अशा रीतीने एका-दोन चौकोनांत बसवली जाते. प्रारूपाला हा फरक दिसत नाही, पण तिथे नांगर धरणाऱ्याला तो पक्का ठाऊक असतो. लिहिणाऱ्यांत त्या भागात वर्षानुवर्षं पाय झिजवलेलं कोणी असेल, तर निदान ‘इथे आपला हिशेब तोकडा आहे’ एवढी नोंद तरी अहवालात पडते.

म्हणूनच लेखकांची भरती ही वाटते तितकी कारकुनी बाब नाही. हवामानबदलावरची आंतरराष्ट्रीय संस्था आयपीसीसी हे काम कसं करते ते पाहण्यासारखं आहे. आधी अहवालाचा आराखडा ठरतो. मग सदस्य देश आणि मान्यताप्राप्त संस्था तज्ज्ञांची नावं सुचवतात. त्यांतून समन्वयक मुख्य लेखक, मुख्य लेखक आणि परीक्षण संपादक निवडले जातात. निवडताना विषयातलं प्रावीण्य पाहिलं जातं, तसंच कोणता भूभाग सुटला, स्त्रिया किती, नवे किती, हेही. सहाव्या अहवालासाठी २०१८ मध्ये ९० देशांतले ७२१ जण निवडले गेले, त्यांत स्त्रिया ३३ टक्के होत्या. सातव्यासाठी २०२५ मध्ये १११ देशांतल्या ६६४ जणांची निवड झाली आणि स्त्रियांचं प्रमाण ४६ टक्क्यांवर गेलं. या कामासाठी आयपीसीसी मानधन देत नाही. आपली नोकरी सांभाळून काही वर्षं हे लेखक मसुद्यांवर मसुदे लिहितात. सहाव्या अहवालाच्या पहिल्या भागावर ७८ हजारांहून अधिक शेरे आले होते, आणि प्रत्येक शेऱ्याचं काय केलं याची लेखी नोंद ठेवणं बंधनकारक होतं.

अमेरिकेत राष्ट्रीय मूल्यमापनाला १९९०च्या कायद्याचा आधार आहे. दर चार वर्षांनी ते व्हावं असं तो कायदा म्हणतो, आणि लेखकांसाठी जाहीर आवाहन निघतं. पण कायदा असूनही एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारने सहाव्या मूल्यमापनावर काम करणाऱ्या जवळपास चारशे लेखकांना एका फटक्यात मोकळं केलं. लेखकांचं काम सत्तेच्या मर्जीवर राहिलं की काय होतं, त्याचा हा दाखला.

भारतात असा कायदाच नाही. २००९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हवामानबदलाच्या मूल्यमापनासाठी शंभरावर संस्था आणि दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांचं एक जाळं उभं केलं. पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल आला. शेती, पाणी, आरोग्य आणि जंगल-जैवविविधता या चार विषयांचा विचार हिमालय, ईशान्य भारत, किनारपट्टी आणि पश्चिम घाट अशा चार प्रदेशांत त्यात केला होता. दिशा अगदी योग्य होती. दर काही वर्षांनी नवे लेखक घेऊन हाच आराखडा पुढे नेला असता, तर आज घाटाचं चित्र कितीतरी स्पष्ट असतं.

त्याच सुमारास पश्चिम घाटासाठी गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिच्यात बंगळूरचे शास्त्रज्ञ होते, तसे निलगिरीतले वकील आणि गोवा विद्यापीठात बुरशीचा अभ्यास करणारे नंदकुमार कामतही होते. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. घाटात काय करायचं ते ग्रामसभांना विचारून ठरवा, हा त्याचा गाभा होता. अहवाल आधी दडपला गेला, नंतर त्यावर गदारोळ झाला आणि २०१२ मध्ये दुसरी समिती बसली. इकडे घाटात, जुलै २०२१ मध्ये जोयड्याशेजारच्या यल्लापूर तालुक्यातल्या कळचे गावात डोंगर खचला. जुलै २०२४ मध्ये याच जिल्ह्यातल्या अंकोला तालुक्यात शिरूरला महामार्गावर दरड कोसळून माणसं गेली. घाटाबद्दल कोणाचं ऐकायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

पुढचं राष्ट्रीय मूल्यमापन हाती घ्याल तेव्हा लेखकांसाठी उघड आवाहन काढा, आणि ते इंग्रजीबरोबर मराठी, कानडी, कोकणी वर्तमानपत्रांतही छापा, एवढी मागणी तरी घाटातल्या लोकांनी लावून धरावी. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही असायला हवी. त्या समित्यांना नावं सुचवण्याचा हक्क द्यावा. पश्चिम घाटासाठी वेगळं प्रकरण ठेवावं. त्याच्या लेखकांत कारवार, शिरसी, सावंतवाडी, कोल्हापूर इथल्या महाविद्यालयांत शिकवणारे, रानात फिरणारे अभ्यासक असावेत.

तोवर एक दार उघडं आहे. आयपीसीसीच्या मसुद्यांचे तज्ज्ञ परीक्षक होण्यासाठी सरकारने नाव सुचवावं लागत नाही. आपल्या विषयातलं ज्ञान स्वतः जाहीर करून नोंदणी करता येते. सातव्या अहवालाचं काम सध्या सुरू आहे. पश्चिम घाटातल्या पावसावर, पिकांवर किंवा जंगलावर ज्यांनी काम केलं आहे, त्यांनी मसुदा मागवावा आणि आपले शेरे पाठवावेत. नोंदणीला पैसे पडत नाहीत.