खोलीची पट्टी : लहान घरातल्या स्टिरिओविषयी

घरात गाणे ऐकण्यासाठी स्टिरिओ घ्यायचा ठरला की चर्चा यंत्रांपासून सुरू होते. स्पीकर कोणत्या कंपनीचे, ॲम्प्लिफायर किती वॉटचा, रेकॉर्ड प्लेअर हवा की नको, या प्रश्नांवर महिने जातात. खोलीचा विषय सगळ्यात शेवटी येतो आणि तोही 'एवढे सामान मावेल ना?' इतकाच. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये या कामाला मिळणारी खोली बहुधा दहा बाय बारा फुटांची असते. तीत पलंग असतो, कपाट असते आणि एखादे टेबलही असते. दुकानाच्या प्रशस्त दालनात भारदस्त वाटलेले उंच टॉवर स्पीकर अशा खोलीत आले की डग्गा घुमू लागतो, तानपुरा गढूळ होतो आणि शब्द पुसट होतात. मग दोष कधी रेकॉर्डिंगवर जातो, तर कधी आपल्या कानांवर.

लहान खोलीत आवाज घडवणारे पहिले यंत्र म्हणजे खुद्द खोली. तिच्या मापाने निवड केली तर माफक खर्चातही गाणे नीट ऐकता येते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर जास्त पैसे मोजून जास्त घुमारा विकत घेतला जातो.

खोलीलाही स्वर असतात

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. ५० हर्ट्झच्या खर्ज ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर, म्हणजे साडेबावीस फूट भरते. बारा फुटी खोलीत एवढी लाट मोकळेपणाने पसरू शकत नाही. ती समोरच्या भिंतीवर आपटून परतते आणि नव्याने येणाऱ्या लाटेत मिसळते. दोन समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर एखाद्या ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीइतके असले की तिथे स्थिर तरंग तयार होतो. मग तो ध्वनी भिंतींलगत फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो.

हिशेब सोपा आहे. ३४३ ला खोलीच्या मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागायचे. बारा फुटांसाठी (३.६६ मीटर) उत्तर येते ४७ हर्ट्झ, दहा फुटांसाठी ५६ आणि नऊ फूट उंचीसाठी ६३. यांच्या पटींतही हेच घडते. लांबी आणि रुंदी यांच्या संयोगातून ७३ हर्ट्झच्या आसपास आणखी एक ठाणे तयार होते. गवयाची पट्टी असते तशी खोलीचीही एक पट्टी असते, आणि तिच्या स्वरांशी जुळणारा प्रत्येक ध्वनी ती स्वतःहून वाढवते. दहा बाय दहाची चौरस खोली सर्वांत अवघड, कारण लांबी आणि रुंदी दोन्हींचा स्वर ५६ वरच पडतो आणि घुमारा दुणावतो.

आपल्या घरांची बांधणीही यात भर घालते. लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेली भिंत थोडी थरथरते आणि त्या थरथरीत खर्जाची काही शक्ती जिरते. विटांच्या भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब जवळजवळ सगळा खर्ज परत पाठवतात. अशा पातळ भिंतींच्या घरात ऐकून लिहिलेला स्पीकरचा परदेशी अभिप्राय आपल्या घराला जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे 'खर्ज थोडा कमी' ठरलेला स्पीकर आपल्याकडे बरोबर बसण्याचा संभव जास्त.

स्वयंभू गंधार

हे गणित गाण्याला कुठे भिडते ते पाहू. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ हर्ट्झची. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीचे ६३ आणि ७३ हे दोन स्वर तिच्या दोन्ही बाजूंना दबा धरून बसलेले. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झच्या जवळ येतो, त्यामुळे तो या कचाट्यातून सुटतो. एकाच खोलीत एका कलाकाराचा तानपुरा घुमतो आणि दुसऱ्याचा स्वच्छ ऐकू येतो, याचे कारण असे पट्ट्यांच्या जुळण्यात सापडते.

तानपुऱ्याचे सौंदर्य खर्जाच्या मूळ स्वरापेक्षा त्याच्यावर उमलणाऱ्या स्वरांत जास्त आहे. घोडीचा रुंद, किंचित गोलवा असलेला माथा आणि तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा यांमुळे एका छेडीतून अनुवर्ती स्वरांची रांग उठते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात या घोडीचा अभ्यास मांडला. त्याआधी, १९२० मध्ये, मृदंग-तबल्याच्या शाईमुळे चामड्याच्या वाद्यातूनही सुसंवादी स्वर कसे निघतात हे त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह दाखवले होते. खर्जाच्या तारेचा पाचवा अनुवर्ती स्वर ६९ च्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपास येतो. आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो तो हाच.

खालचा मोठा ध्वनी त्याच्या वरच्या बारीक ध्वनींना झाकून टाकतो, हा आपल्या कानाचा गुणधर्म आहे. त्यामुळे खोलीने खर्ज फुगवला की पहिला बळी या गंधाराचा जातो. याउलट, मूळ खर्ज दुबळा असला तरी वरचे स्वर स्वच्छ असतील तर मेंदू त्यांवरून खर्ज जुळवून घेतो. लहान स्पीकरवरही तानपुऱ्याचा षड्ज ओळखू येतो तो यामुळे. म्हणून लहान खोलीत खर्जाचा हव्यास सोडणे हा तोट्याचा सौदा नाही, कारण त्या बदल्यात गंधार मिळतो.

गाडीसाठी बनवलेला स्पीकर

या सौद्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बीबीसीचे आहे. बाहेरच्या कार्यक्रमांच्या प्रक्षेपणासाठी जाणाऱ्या गाड्यांमध्ये मोठ्या मॉनिटरना जागा नव्हती. तेव्हा बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात 'एलएस ३/५ए' हा फूटभर उंचीचा स्पीकर सिद्ध केला. पाच इंचांच्या आसपासचा एक वूफर, एक लहान ट्वीटर आणि चारही बाजूंनी बंद कॅबिनेट, एवढाच त्याचा संसार. सुमारे ७० हर्ट्झखाली त्याचा आवाज वेगाने उतरतो आणि मोठ्याने लावण्यासाठी तो नाहीच. पण माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू यावा, या एका कसोटीवर तो उतरला. पुढे अनेक कंपन्यांनी परवान्याने तो बनवला आणि गाडीतला हा स्पीकर घरोघरच्या लहान खोल्यांत गेला.

आज तोच घ्यावा असे नाही. त्यामागचा विचार मात्र घ्यावा. दहा बाय बाराच्या खोलीला साडेचार ते साडेपाच इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर पुरतात. कॅबिनेट बंद असेल तर खर्ज हळूहळू उतरतो आणि भिंतीजवळ ठेवणे सोयीचे जाते. मागे भोक असलेल्या कॅबिनेटला भिंतीपासून जास्त अंतर लागते. ते देता येत नसेल तर भोकात स्पंजचा बोळा बसवून पाहावा. सबवूफरचा विचार दोन-तीन महिने ऐकल्यानंतर करावा. शेजाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा खर्जाचीच असते, कारण तो भिंती आणि स्लॅब ओलांडून जातो.

ॲम्प्लिफायरच्या वॉटचेही अकारण भय असते. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर सहा फुटांवरून ऐकायचा असेल तर ३० ते ५० वॉट भरपूर झाले. ॲम्प्लिफायर आत असलेले स्पीकर घेतले तर वेगळा डबा आणि त्याची जागा दोन्ही वाचतात.

मांडणी

खरे काम यानंतरचे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. ॲलन ब्लमलिन यांनी १९३१ मध्ये ज्या स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचा गाभा असा की दोन ठिकाणांहून येणाऱ्या आवाजांतून श्रोत्यासमोर अवकाश उभा राहावा. त्यासाठी दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण हवा.

दहा फुटी भिंतीसमोर स्पीकर एकमेकांपासून सहा फुटांवर ठेवले तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. मागच्या भिंतीपासून ते सव्वादोन फूट पुढे आणावेत. त्रिकोणाचे टोक मग खोलीच्या मध्याच्या थोडे मागे येते आणि आपल्या पाठीशी साडेचार फूट मोकळे राहतात. ही जागा मुद्दाम साधायची आहे. अगदी मध्यावर बसले तर लांबीचा पहिला स्वर हरवतो आणि पाठ भिंतीला टेकली तर सगळेच खर्ज अंगावर येतात. स्पीकर कोपऱ्यात सरकवणे ही नेहमीची चूक. जवळची प्रत्येक पृष्ठभूमी खर्जात सहा डेसिबलपर्यंत भर घालू शकते, आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवल्यास अशा तीन पृष्ठभूमी एकत्र येतात.

उंचीही महत्त्वाची. ट्वीटर कानाच्या पातळीत असावा. बाजारातले दोन फुटी स्टँड सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी असतात. गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्याचा कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतो. भारतीय बैठकीला दीड-पावणेदोन फुटांचा भक्कम पाट किंवा बुटका स्टँड बरा.

गाद्या आणि पुस्तके

खोलीत काय जिरते आणि काय परतते हे मोजण्याचे शास्त्र गाद्यांपासूनच सुरू झाले. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नव्हते. रिकाम्या सभागृहात आवाज साडेपाच सेकंदांहून जास्त रेंगाळत होता. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणवल्या आणि त्या वाढवत-कमी करत, ऑर्गनची नळी वाजवून, रेंगाळण्याचा काळ मोजला. त्यातून त्याचे प्रसिद्ध सूत्र निघाले.

आपल्या घरात हे साहित्य आधीपासूनच आहे. कापसाची जाड गादी, गोधड्यांची चळत आणि जाड पडदे मधले-वरचे स्वर जिरवतात. भरलेले पुस्तकांचे कपाट आवाज विखुरते. खोलीत टाळी वाजवून पाहावी. खणखण असा पाठलाग ऐकू आला तर दोन उघड्या भिंती समोरासमोर आहेत असे समजावे आणि एकीवर जाड कापड किंवा पुस्तके आणावीत. अंड्यांच्या ट्रेने खर्जाचे काही होत नाही. लोखंडी कपाटावर रिकामी भांडी ठेवू नयेत, कारण डग्ग्याबरोबर तीही वाजतात.

कानाची परीक्षा

दुकानात जाताना आपल्या ओळखीची ध्वनिमुद्रणे न्यावीत आणि दोन स्पीकरांची तुलना आवाज समान करूनच करावी, कारण किंचित मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. शक्य असेल तर जोडी दोन दिवस घरी ऐकून पाहण्याची अट घालावी.

घरी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, जुनी मोनो तबकडी. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यातून, एका बिंदूतून यायला हवा. तो रुंद पसरला किंवा एका बाजूला कलला तर मांडणी चुकली. दुसरी, एकल तबला. डग्ग्यावर 'घे'ची मींड वर चढत असताना एखादा स्वर अचानक मोठा झाला किंवा गळाला तर तो तबलजीचा दोष नसून खोलीचा आहे. बसण्याची जागा अर्धा फूट पुढे-मागे करून पाहावी. तिसरी, आलापाआधीचा नुसता तानपुरा. हळू आवाजात लावावा आणि गंधार शोधावा.

तो ऐकू आला तर मांडणी जमली. न आल्यास नवे स्पीकर पाहण्याआधी आहेत तेच वीतभर सरकवून पुन्हा ऐकावे.