कॉम्प्युटरला खरंच ताप आलाय का?

घरात कुणाचं अंग कोमट लागलं, की आपण आधी थर्मामीटर लावतो. पण थर्मामीटर १०६ दाखवतोय आणि मूल मात्र अंगणात उड्या मारतंय, असं दिसलं तर? आपण लगेच डॉक्टरांकडे धावत नाही. थर्मामीटर झटकतो, पुन्हा लावतो. एवढी साधी अक्कल आपल्याजवळ असते. मग टेबलावरच्या कॉम्प्युटरने दोन वेडेवाकडे आकडे दाखवले, की आपलं धाबं का दणाणतं?

माझंही दणाणलंच होतं. मी घरी बसून चार दुकानदारांचे हिशेब लिहिते. महिन्याच्या २० तारखेच्या आत त्यांचं जीएसटीचं विवरण भरायचं असतं. मे महिना, अकोल्याचा उन्हाळा, तारीख १७, आणि कॉम्प्युटर दर दहा-पंधरा मिनिटांनी पटकन बंद पडायला लागला. ना काही सूचना, ना आवाज. नुसता काळा पडदा. केलेलं काम गेलं ते वेगळंच.

एका दुकानातला मुलगा घरी येऊन बघून गेला. त्याने तापमान आणि व्होल्टेज दाखवणारा एक प्रोग्रॅम घातला आणि पडद्यावर बोट ठेवलं. एका ओळीत तापमान १२७ अंश, दुसऱ्या ओळीत १२ व्होल्टच्या जागी ८.०६! "काकू, मदरबोर्ड गेला. एसएमपीएसपण गेला. अकरा हजार धरून चाला."

अकरा हजार! भिशीचे पैसे त्याच आठवड्यात हाती आले होते, पण ते धाकटीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले. हे म्हणाले, "देऊन टाक, कामाचा खोळंबा नको." मी त्या मुलाला म्हटलं, "उद्या सांगते." आणि पुण्याला असतो त्या पुतण्याला फोन लावला.

आकडा आधी तपासा, मग घाबरा

पुतण्याने पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, तो १२७ कमी-जास्त होतोय का?" मी पाच मिनिटं बघत बसले. बाकीचे आकडे सारखे हलत होते, हा मात्र ढिम्म. "खोक्याला हात लाव. भाजतंय?" नाही. १२७ अंश म्हणजे उकळत्या पाण्याहून जास्त! असं काही आत असतं, तर वास तरी आला असता.

मग त्याने समजावून सांगितलं. मदरबोर्डवर एक छोटी चिप असते. तिचं काम तापमान, व्होल्टेज आणि पंख्याचे फेरे मोजायचं. तिच्यात तीन-चार थर्मामीटर जोडायची सोय असते, पण बोर्ड बनवणारे कधीकधी एखादी जागा रिकामीच ठेवतात. बिचाऱ्या प्रोग्रॅमला ते माहीत नसतं. तो रिकाम्या जागेचाही आकडा वाचतो आणि मोजणीच्या टोकाचं काहीतरी दाखवतो. १२७ किंवा उणे १२८ हे असेच टोकाचे आकडे. त्यांच्याकडे बघायचंच नाही.

आता ८.०६ व्होल्टचं कोडं. समजा, आपल्याजवळचा काटा लहान आहे आणि त्यावर सगळं पीठ मावत नाही. मग आपण पिठाचे सहा सारखे भाग करतो, एकच तोलतो आणि सहाने गुणतो. ही चिपही तेच करते. १२ व्होल्ट तिला थेट झेपत नाहीत, म्हणून त्यांचा ठराविक हिस्साच तिच्यापर्यंत पोचवलेला असतो. किती हिस्सा, ते बोर्ड बनवणाराच जाणे. प्रोग्रॅमने सहाच्या जागी चाराने गुणलं, की १२.०९ चे होतात ८.०६! पीठ तेवढंच, गुणाकार चुकला. आणि खरोखरच ८ व्होल्ट असते, तर कॉम्प्युटर दहा मिनिटंसुद्धा धड चालला नसता.

खरा आकडा कुठे बघायचा?

कॉम्प्युटर सुरू होतानाच 'डिलीट' किंवा 'एफ २' हे बटण दाबत राहिलं, की बायोस नावाचं पान उघडतं. त्यात 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा अशाच नावाचा भाग असतो. हे पान बोर्ड बनवणाऱ्यानेच केलेलं असल्यामुळे इथला गुणाकार बहुधा बरोबर असतो. मी बघितलं, तर १२ च्या ओळीत १२.०९, ५ च्या ओळीत ५.०४. दोन्ही ठणठणीत!

मर्यादा लिहूनच ठेवा. दोन्ही बाजूंना शेकडा ५ एवढी सूट असते. म्हणजे १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६, ५ ची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ ची ३.१४ ते ३.४६ या दरम्यान हवी. भिंतीतल्या २३० व्होल्टचा आणि या आकड्यांचा घोटाळा करू नका. ते २३० उतरवून हे १२, ५ आणि ३.३ करायचं काम एसएमपीएसचं.

बायोसमध्येही आकडा मर्यादेबाहेर दिसला, तर इलेक्ट्रिशियनकडून मल्टीमीटरने मोजून घ्या. पिवळ्या तारेवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३, आणि काळी तार दुसऱ्या टोकाला. तिथेही कमी भरलं, तर मात्र एसएमपीएस बदलावा. तो उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहते, तिचा झटका जिवावर बेतू शकतो.

एक आकडा खरा होता

सगळेच आकडे खोटे असते, तर कॉम्प्युटर बंद का पडत होता? बायोसमध्येच प्रोसेसरच्या तापमानाची ओळ मी बघत बसले. ६८, मग ७९, दहा मिनिटांत ९१! हा आकडा हलत होता, चढत होता, आणि बंद पडण्याच्या वेळेशी जुळत होता. ताप होता तो इथे. मी घाईघाईने बटण बंद केलं.

बायोसमध्ये प्रोसेसर थोडा जास्तच गरम दिसतो, कारण तिथे तो पुरती विश्रांती घेत नाही. पण ९१ म्हणजे फारच झालं. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांची हद्द १०० अंशांची असते. तिच्याजवळ पोचला, की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. तेवढ्यानेही भागलं नाही, तर स्वतःला वाचवायला सगळंच बंद करतो. आमचा कॉम्प्युटर बिघडला नव्हता, तो जीव वाचवत होता!

प्लग काढला, खोक्याचं झाकण उघडलं. आत धुळीची अक्षरशः गोधडी! आणि प्रोसेसरवर बसवलेल्या पंख्याच्या चार पायांपैकी एक सुटून वर आलेला. पंखा फिरत होता, पण त्याखालचा धातूचा ठोकळा प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता. तवा गॅसवर तिरका ठेवावा, तसं.

पुतण्या व्हिडिओवर सांगत होता आणि माझे हात चालत होते. खोक्याच्या धातूला हात लावून अंगातली वीज उतरवली. मऊ ब्रशने धूळ झाडली, झाडताना पंखा बोटाने धरून ठेवला. जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली. नवी थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी लावली, जास्त नाही. मग पंख्याचे चारही पाय समोरासमोरच्या जोडीने, 'टक्' आवाज येईपर्यंत दाबले.

सुरू केला. खोलीत ४० अंश, प्रोसेसर ५२. हिशेबाचं काम तासभर केलं तरी ७४ च्या वर गेला नाही. १९ तारखेच्या रात्री चारही विवरणं भरून झाली. पेस्टच्या नळीचे दोनशे रुपये गेले, भिशीचे पैसे जागच्या जागी राहिले.

एवढं लक्षात ठेवा

रात्रभर बंद असलेला कॉम्प्युटर सकाळी सुरू करून पाहा. कुठलंही तापमान खोलीपेक्षा कमी दिसलं, तर तो आकडा खोटा. साध्या पंख्याने कुठलीच वस्तू खोलीपेक्षा थंड होत नाही.

मोजणारे दोन प्रोग्रॅम एकदम चालू ठेवू नका. दोघी सुना एकाच पातेल्यात एकदम डाव घालायला लागल्या, की काय होतं ते मी सांगायला नको!

काही प्रोसेसर मुद्दामच वाढवून आकडा सांगतात. २०१७ साली आलेले रायझन ७ चे १७००एक्स आणि १८००एक्स हे २० अंश जास्त दाखवत.

घड्याळ आणि तारीख सारखी मागे जात असेल, तर बोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपत आला असं समजा. सीआर २०३२ नावाचा हा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

आणि कुणी "बोर्ड गेला" म्हणालं, तर शांतपणे म्हणा, "बायोसमध्ये दाखवता का?" भांडायचं काही कारण नाही. तो मुलगा लबाड नव्हता हो, त्यानेही पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला होता. परवा बाजारात भेटला, तेव्हा मी त्याला सहा आणि चाराचा गुणाकार सांगितला. त्याने खिशातून कागद काढून लिहून घेतला.

यांनी मात्र घरात माझं नाव 'डॉक्टरीणबाई' ठेवलंय. फी अजून दिलेली नाही!