लकव्यानंतर चालताना

लकवा मारलेला माणूस चालू लागला की घरचे निर्धास्त होतात. पडण्याचा धोका नेमका तेव्हाच वाढतो. ओली शहाबादी फरशी, उंच उंबरठा आणि अंगणापलीकडचा संडास या मराठवाड्यातल्या घरातल्या धोक्याच्या जागा. न्हाणीच्या भिंतीला पक्का दांडा बसवा, रात्री दिवा चालू ठेवा. झोपेतून उठल्यावर बाजेच्या कडेला मिनिटभर बसावं, मगच उभं राहावं, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो.

काठी धडधाकट हातात. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी लुळा. आधार देणाऱ्याने लुळ्या बाजूला, किंचित मागे राहून कमरेचा पट्टा धरावा. लुळा हात ओढणं अजिबात नको, खांदा निखळू शकतो. ही चूक घरोघरी प्रेमापोटी होते.

तोल परत येतो तो रोजच्या सरावाने. खुर्चीतून उठ-बस, ओट्याला धरून दोन्ही पायांवर सारखा भार. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था गाठा आणि व्यायाम शिकून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पडून डोक्याला मार लागला, तर रुग्णाला बरं वाटत असलं तरी लगेच 108 ला फोन करा.