चाळिशीनंतरची शाळा : तोडीची चिठ्ठी आणि दहावीचा पेपर



तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. ऊस नोंदीसाठी आलेल्या एका सभासदांनी शेतकी खात्याच्या व्हरांड्यात हळूच विचारले, "साहेब, त्रेचाळिसाव्या वर्षी दहावीला बसता येतंय का?" भोवतीची मंडळी हसली. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. ते गृहस्थ चिठ्ठी खिशात घालून मुकाट्याने निघून गेले.

पुढे कळले की प्रश्न गमतीचा नव्हता. नववीत शाळा सुटलेली. जमीन दीड एकर. वीस वर्षे ते गावोगावच्या जळालेल्या मोटारी भरून देतात, हातात कसब आहे. पण तारतंत्रीचा परवाना नाही. त्यामुळे वायरिंगचे काम घ्यायचे ते दुसऱ्याच्या नावावर. राबायचे यांनी आणि निम्म्याहून जास्त पैसा त्या दुसऱ्याच्या खिशात. "दोन पोरं हायती," ते म्हणाले, "वाटणीत पाऊण-पाऊण एकर येणार. त्यात ऊस लावायचा का नुसता बांध घालायचा?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या पुष्कळ सभासदांचे क्षेत्र वाटण्यांनी एकराच्या आत आले आहे. ऊस सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण उसाच्या जोडीला दुसरा धंदा लागतो आणि आजकाल धंद्याला कागद लागतो. म्हणून ही माहिती देत आहोत.

पहिली गोष्ट, दहावीला बसण्यास वरच्या वयाची मर्यादा नाही. वाटा दोन आहेत. एक, राज्य मंडळाचा सर्वांच्या ओळखीचा १७ नंबरचा फॉर्म. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जवळच्या शाळेकडे चौकशी करावी. फॉर्म साधारण पावसाळ्यात निघतात व मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. दुसरी वाट केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. ही संस्था १९८९ साली स्थापन झाली. येथे एकदा नाव नोंदले की ते पाच वर्षे चालते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. जो विषय सुटला तो जमा राहतो. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा असतात. दहावी मराठी माध्यमातून देता येते.

आता यातली मेख ऐका. आमच्या या सभासदांनी पहिल्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरला. रात्री मोटारी भरून झाल्यावर थोरल्या मुलाच्या जुन्या पुस्तकांवर अभ्यास केला. आणि गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी तोडीची चिठ्ठी आली! टोळी सकाळी फडावर हजर. टोळी परत पाठवली तर पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. फेब्रुवारीचे ऊन लागून वजनात घट. गृहस्थ फडात गेले. ऊस गेला, पेपरही गेला.

त्यांनी कोणाला दोष दिला नाही. पण आम्हाला विचाराल तर चूक निम्मी आमची. त्या दिवशी व्हरांड्यात हसण्याऐवजी "परीक्षा कधी आहे?" एवढे विचारले असते तर तारीख चार दिवस मागेपुढे करता आली असती. म्हणून आता सांगतो: ज्या घरात कोणी परीक्षेला बसणार असेल, मग ते पोर असो वा बाप, त्यांनी वेळापत्रक हाती येताच आपल्या गटाच्या चिटबॉयला आणि शेतकी मदतनिसाला नेऊन दाखवावे. तोंडी सांगू नये, कागद द्यावा.

दुसरी गोष्ट, आधी दार ठरवा, मग किल्ली घडवा. सोपे म्हणून भलतेच विषय घेऊन दहावी सुटली तर पुढे अडते. आय.टी.आय.च्या इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमाला विज्ञान आणि गणित घेऊन दहावी झालेली लागते. तो दोन वर्षांचा आहे. वेल्डरचा एक वर्षाचा असून त्याला आठवी पास पुरते. आय.टी.आय.लाही वरच्या वयाची अट नाही. पण तिथे रोज हजेरी लागते, तेव्हा घरच्या कामाची वाटणी आधी बसवा. खते-औषधांचे दुकान चालवणाऱ्या दहावी पास विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ साली सुरू केलेली एक वर्षाची 'देसी' पदविका आहे. तिचे वर्ग रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीला भरतात. पुढे पदवीपर्यंत जायचे असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

तिसरी गोष्ट कडू आहे, पण सांगितली पाहिजे. सरकारी नोकरीच्या आशेने चाळिशीत शाळा धरू नका. राज्याच्या भरतीत साधारणपणे खुल्या वर्गाला ३८ व मागासवर्गीयांना ४३ वर्षांची मर्यादा आहे. "पास व्हा, नोकरी लावून देतो" म्हणणारा भेटला तर पैसे त्याच्या हातात देऊ नका. या वयातले शिक्षण खरे उपयोगी पडते ते ज्याच्या हातात काम आधीच आहे आणि फक्त कागद नाही त्याला.

भगिनींसाठी मुद्दाम एक शब्द. पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० सालचा. ऐन विशीत वैधव्य आले, पदरी मूल. अक्षरओळखीपासूनचे शिक्षण त्यानंतर, पुण्यात महर्षी कर्व्यांकडे राहून घेतले. पुढे त्यांनी आश्रमाच्या कामाला वाहून घेतले आणि १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकायला अमेरिका गाठली. त्या काळी हे झाले, तर आज तालुक्याच्या गावी जाणे का होऊ नये?

आमच्या त्या सभासदांच्या मंडळींनीही हेच विचारले. "तुम्ही दोन वर्षं आय.टी.आय.ला जाणार, पाणी मी धरणार, वैरण मी आणणार. मग माझं नाव कधी घालायचं?" उत्तर कोणालाच देता आले नाही. त्या सातवी शिकलेल्या आहेत. घरचे ऊसबिल, सोसायटीचे हप्ते सारे त्याच बघतात.

गृहस्थांनी मग मुक्त विद्यालयात नाव घातले. पाचांपैकी चार विषय सुटले आहेत, गणित राहिले आहे. पुढच्या पेपरला यंदा दोन अर्ज गेले आहेत, एक त्यांचा आणि एक मंडळींचा. पास होतील की नाही आम्ही सांगू शकत नाही. परवाना मिळेपर्यंत वयाची आणखी तीन-चार वर्षे जातील, हेही त्यांनी मोजले आहे.

आमची विनंती एवढीच. उद्या तुमच्या भावकीतला कोणी पन्नाशीचा माणूस बगलेत वही धरून एस.टी.ची वाट पाहताना दिसला, तर आम्ही हसलो तसे हसू नका. मोटारसायकल थांबवा आणि त्याला स्टँडपर्यंत सोडा.